भोंग्यांच्या वाटेने पायी

पुण्याला पाहुणा आला की त्याला काय दाखवायचे, याची आपली यादी ठरलेली असते. शनिवारवाडा, सारसबाग, केळकर संग्रहालय, सवड असेल तर सिंहगड, आणि पाहुणा खवय्या निघाला तर मिसळ नि बाकरवडी. अलीकडे या यादीत पेठांमधल्या ‘हेरिटेज वॉक’ची भर पडली आहे. रविवारी सकाळी वीस-पंचवीस माणसे एखाद्या जाणकाराच्या मागोमाग जुन्या वाड्यांच्या दिंडी दरवाजांपुढे माना उंचावून उभी असलेली दिसतात. चांगली गोष्ट आहे. मीही दोन-तीनदा गेले आहे. पण ज्या रस्त्याने या शहरातल्या असंख्य घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, त्या रस्त्यावर पाहुण्याला कुणी फिरायला नेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तो रस्ता म्हणजे आकुर्डीपासून खडकीपर्यंतचा जुना मुंबई-पुणे रस्ता. पेशवाई वाचायची तर पेठांत फिरावे. पण पुण्याची गेली दीडशे वर्षे वाचायची तर ती याच रस्त्याने पायी वाचावी लागतील, आणि ते काम लवकर करायला हवे. या पुस्तकाची पाने एकेक करून सुटू लागली आहेत.

या रस्त्याशी माझा संबंध आला तो बँकेमुळे. १९८४ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या चिंचवड शाखेत मी अधिकारी म्हणून रुजू झाले आणि पुढची आठ-नऊ वर्षे लोणावळा लोकलने जा-ये केली. खिडकीतून कारखान्यांच्या लांबच लांब भिंती दिसायच्या. भिंतींच्या आत काय चालते हे कळायचे ते मात्र काउंटरवर. सात आणि दहा तारीख हे आमच्या शाखेचे सण. पहिली पाळी सुटली की निळ्या आणि खाकी कपड्यांची रांग दारातून थेट रस्त्यावर जायची. कुणाला गावी पैसे धाडायचे असत, कुणाला बहिणीच्या लग्नासाठी आवर्ती ठेव उघडायची असे, कुणाला लेथ घेऊन भोसरीत स्वतःचे छोटे वर्कशॉप टाकायचे असे. महाराष्ट्राचा नकाशा मी शाळेत शिकले खरी, पण तो पाठ झाला तो खाते उघडण्याच्या अर्जांवरचे ‘कायमचा पत्ता’ हे रकाने वाचून. फलटण, माण, बार्शी, आष्टी, चाळीसगाव, खानापूर. सगळा कोरडवाहू महाराष्ट्र त्या रांगेत उभा असायचा.

निवृत्तीनंतर, गेल्या हिवाळ्यात, हा रस्ता मी चार रविवारच्या सकाळी तुकड्यातुकड्यांनी चालले. अंतर सगळे मिळून बारा-तेरा किलोमीटर. तरुण माणूस एका सकाळीत संपवील. मी आकुर्डीकडून खडकीकडे आले. त्याला कारण आहे. या दिशेने चालले की आपण काळातही मागे मागे जातो. आकुर्डीला १९६० नंतरचे कारखाने, पिंपरीला १९५४ चा, आणि खडकीला थेट १८६९ चा.

दुसरे कारण असे, की ही पालखीची दिशा आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी याच रस्त्याने पुण्यात नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाकडे येते. वाटेत पिंपरीला एच. ए.च्या वसाहतीत आणि पुढे दापोडीला तिचा विसावा असतो. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी हा सोहळा १६८५ साली सुरू केला असे मानतात. म्हणजे कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून ही पायवाटच आहे. आपण तिच्यावर आधी सडक केली, मग महामार्ग केला, मग तिच्या मधोमध बसची वेगळी वाट आणि डोक्यावर मेट्रोचा पूल आणला. जिच्यामुळे ती वाट झाली त्या पायी माणसाला मात्र कडेला सारत सारत शेवटी गटाराच्या झाकणावर आणून उभे केले.

आकुर्डीला बजाज ऑटोपाशी मी बराच वेळ थांबले. ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना या नावापुढे वेगळे काही सांगायला नको. १९७२ साली आलेल्या ‘चेतक’साठी माणसे वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. मुलीच्या लग्नाची बोलणी आणि स्कूटरचा नंबर यांची सांगड घालणारे बाप मी स्वतः पाहिले आहेत. ठेवीची पावती माझ्यासमोर ठेवून ते विचारत, “मॅडम, नंबर आधी लागला तर ही मोडता येईल ना?” राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेतलेली ती स्कूटर अखेर बंद झाली, आणि २००७ साली आकुर्डीतले वाहन उत्पादनही थांबले. त्या वेळी ‘संपले आता’ असे म्हणणारे पुष्कळ होते. पण २०२० साली तेच नाव घेऊन विजेवर चालणारी स्कूटर आली आणि जून २०२२ मध्ये आकुर्डीतच तिचा नवा कारखाना सुरू झाला. एकाच जागेची ही पन्नास वर्षांची गोष्ट. टंचाईचा काळ, परवान्यांचा काळ, खुल्या बाजाराचा काळ आणि आता विजेचा काळ. देशाच्या अर्थकारणावर मी बँकेच्या परीक्षांसाठी जाडजूड पुस्तके वाचली आहेत. ती सगळी या एका भिंतीच्या लांबीत बसतात.

चिंचवड पूर्वी ओळखले जाई ते मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि चाफेकर बंधूंमुळे. पिंपरी, आकुर्डी, भोसरी ही तर निव्वळ शेतीची गावे. इथे कारखाने आले त्याची कारणे साधी आहेत. मुंबई दाटली होती. इथे रेल्वे होती, महामार्ग होता, पवनेचे पाणी होते आणि माळरानाची जमीन स्वस्त होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या माळावर आखीव भूखंड पडले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. कारखान्यांच्या जकातीवर ती इतकी सधन झाली की तिच्या श्रीमंतीचे दाखले आशिया खंडापर्यंत दिले जात. २०१३ साली ती जकात गेली. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती सतरा लाखांवर होती. एका आयुष्यात चार खेड्यांचे महानगर झाले, आणि त्याची हकिगत सांगणारा साधा फलक या रस्त्यावर मला दिसला नाही. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक मात्र मोजता मोजता दमले.

रस्त्यापासून थोडे आत टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, विस्तार आहे. सुमंत मूळगावकरांनी इथे उजाड माळावर आधी झाडे लावली, तळे केले आणि त्या झाडांच्या सावलीत कारखाना वाढवला. १९९८ साली आलेली ‘इंडिका’ इथलीच. पण माझ्या मनात हे नाव एका पोस्टकार्डाशी जोडलेले आहे. १९७४ साली या कंपनीच्या अभियंत्यांच्या जाहिरातीत ‘महिलांनी अर्ज करू नयेत’ अशी अट होती. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, मुलाखतीला पुण्याला आली आणि नोकरी घेऊनच गेली. याच सुधा कुलकर्णी पुढे सुधा मूर्ती म्हणून लेखिका झाल्या. मी चिंचवड शाखेत गेले तेव्हा त्या रांगेत बायका हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच असत. आज त्याच पिंपरीत मोटारींच्या जुळणीची एक अख्खी शाखा महिलांच्या हाती आहे. २०२३ साली तिथे सुमारे दीड हजार जणी काम करत असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. पोस्टकार्ड ते जुळणीची शाखा हे अंतर कापायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. आपल्या मुलींना सावित्रीबाईंच्या भिडेवाड्याची जागा दाखवायलाच हवी. त्याच्या पुढचा मुक्काम म्हणून हे प्रवेशद्वारही दाखवायला हरकत नाही.

याच टेल्कोचा दुसरा एक धागा शनिवारवाड्याला जाऊन भिडतो. १९८९ साली इथला संप पेटला आणि सप्टेंबरात कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले. पोलिसांनी त्यांना तिथून हलवले. संप बरोबर की चूक, यावर तेव्हा घराघरांत भांडणे झाली आणि आजही होऊ शकतील. मी त्या वादात पडत नाही. मला आठवतात ती आमच्या काउंटरवर त्या महिन्यांत मोडल्या गेलेल्या मुदत ठेवींची कागदे, आणि ती पुढे करताना खाली गेलेल्या नजरा. शनिवारवाडा दाखवताना आपण नारायणरावांच्या किंकाळीची गोष्ट रंगवून सांगतो. त्याच पटांगणात आपल्या हयातीत काय घडले, हे कुणी सांगत नाही.

पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लागते. लोकांच्या तोंडी ‘एच. ए.’. १९५४ साली स्थापन झालेला हा सरकारी क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तोवर ते आपण परदेशातून आणत होतो. आज खोकल्याला मूठभर गोळ्या घेणाऱ्या पिढीला पेनिसिलिनचे महत्त्व समजावून सांगणे अवघड आहे. न्यूमोनियाने, बाळंतरोगाने, साध्या चिघळलेल्या जखमेने माणूस जाण्याचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना विचारावे. प्रचंड टाक्यांमध्ये बुरशी वाढवायची, तिला हवा, साखर आणि ठरावीक तापमान द्यायचे आणि तिच्यातून औषध काढायचे, अशी ही शेतीच म्हणायची. इथल्या प्रयोगशाळेत बुरशीच्या रोगांवरचे एक नवे औषध सापडले. त्याचे नाव ‘हॅमायसिन’. त्या नावाची सुरुवातीची अक्षरे कंपनीचीच आहेत. पिंपरीच्या माळावर एक औषध जन्माला आले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवी होती. पुढे हाच कारखाना आजारी उद्योग ठरला आणि २०१६ साली केंद्र सरकारने देणी भागवण्यासाठी त्याची जादा जमीन विकायचा निर्णय घेतला. सरकारी उद्योग का आजारी पडतात हा वेगळा लेखाचा विषय. पण पेनिसिलिनची पहिली कुपी जिथून निघाली त्या जागेचे मोल काय, असा प्रश्न आला तर बाजारभावाचा आकडा हे त्याचे पुरे उत्तर नव्हे, एवढे तरी आपण म्हणू शकतो.

पिंपरी ओलांडली की कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी. इथे मला एक युक्ती सापडली. दोन स्टेशनांपुरते मेट्रोत बसावे. मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली आणि पुणेकराला प्रथमच कारखान्यांच्या भिंतींपलीकडे डोकावता आले. वरून ती करवतीच्या दातांसारखी छपरे दिसतात. मी लहानपणापासून ती बघत आले, पण तशी का असतात हे मला सांगितले ते एका निवृत्त टर्नरने. दाताची उभी बाजू काचेची असते आणि ती उत्तरेकडे तोंड करून बसवतात. आपल्याकडे उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, नुसता उजेड येतो. मापाच्या पट्टीवरची रेघ वाचताना कामगाराच्या डोळ्यावर तिरीप येऊ नये म्हणून ही सोय. “आमच्या घरात असला उजेड नव्हता, मॅडम,” तो म्हणाला. “घरी चाळीस पावरचा दिवा आणि इथं दिवसभर चांदण्यासारखा पांढरा उजेड. सुटी नको वाटायची.”

असे कौतुक ऐकले की मला लगेच दुसरी एक आठवण येते, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. आमच्या शाखेत एक तरुण पैसे काढायला आला. सही जुळेना. काउंटरवरच्या कारकुनाने चिठ्ठी परत केली, त्याने पुन्हा सही केली, पुन्हा जुळेना. मागची रांग कुरकुरू लागली. प्रकरण माझ्या टेबलाशी आले तेव्हा मी त्याच्या हाताकडे पाहिले. उजव्या हाताची दोन बोटे मधल्या पेरापासून नव्हती. एका छोट्या प्रेस शॉपमध्ये महिन्यापूर्वी गेली होती. नमुना सहीचे कार्ड दोन वर्षांपूर्वीचे, पाच बोटांचे. आम्ही नवे कार्ड भरले. तो पेन डाव्या हातात धरून पहिलीतल्या पोरासारखा आपले नाव गिरवत होता, आणि दोन वर्षांपूर्वीची झोकदार सही शेजारी पडली होती. पुढच्या वर्षांत अशी कार्डे मी आणखी भरली. औद्योगिक प्रगतीचे आलेख मी पुष्कळ पाहिले, पण माझ्यासाठी तिचा हिशेब त्या दोन सह्यांमध्ये आहे. दोन्ही सह्या खऱ्या आहेत. या रस्त्यावर फलक लागायचे असतील तर त्यांवर पहिल्या इंजिनाबरोबर ही दुसरी सहीही यायला हवी. तसेच पवनेच्या पाण्यावर तरंगणारा फेसही.

दापोडीला मुळा-पवनेचा संगम मागे टाकून हॅरिस पूल लागतो. १८९५ चा हा दगडी पूल. त्या वेळच्या गव्हर्नराचे नाव त्याला दिलेले आहे. बैलगाड्यांसाठी बांधलेल्या या पुलाने टेल्कोच्या ट्रका पेलल्या, यातच त्या गवंड्यांचे सगळे गुणगान आले. पूल ओलांडला की बोपोडी आणि खडकी. इथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. १९४६ साली स्थापन झालेल्या या कंपनीची डिझेल इंजिने महाराष्ट्राच्या विहिरींवर धडधडू लागली आणि मोटेच्या बैलांना विश्रांती मिळाली. माझ्या आजोळी विहिरीवर तेच इंजिन होते. त्याचा ‘ठक ठक’ आवाज थांबला की मामा झोपेतून दचकून उठत.

आणि शेवटी खडकीचा दारूगोळा कारखाना. १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी इथे छावणी केली. १८५८ साली पुण्यापासून खंडाळ्यापर्यंत रेल्वे आली, १८६३ साली बोरघाटातून ती मुंबईला जोडली गेली आणि १८६९ साली हा कारखाना उभा राहिला. क्रम लक्षात घ्यावा: लढाई, छावणी, रेल्वे, कारखाना. पुण्याच्या यंत्रयुगाची सुरुवात हरलेल्या लढाईच्या मैदानावर झाली. २०२१ साली या कारखान्याचे कंपनीत रूपांतर झाले. आत अर्थातच कुणाला जाता येत नाही, जाऊ द्यावे असे माझे म्हणणेही नाही. पण बाहेरच्या पदपथावर उभे राहून हा क्रम वाचायला संरक्षण खात्याची परवानगी लागू नये.

आता तक्रारीचे दोन शब्द. आकुर्डी ते दापोडी हा रस्ता एकसष्ट मीटर रुंद केलेला आहे. त्या एकसष्ट मीटरांत मला सलग अर्धा किलोमीटर निर्वेध चालता आलेले नाही. कुठे पदपथावर दुचाकी, कुठे उखडलेल्या फरशा, कुठे जाहिरातीचा खांब बरोबर मध्यावर. रस्ता ओलांडायचा तर एकतर पाताळात उतरायचे नाहीतर पूल चढायचा. गुडघ्यांच्या वयात हे काय असते ते मी सांगायला नको. आणि मैलभर लांबीच्या भिंतीशेजारी बाईमाणसासाठी स्वच्छतागृह नाही. हे मी माझ्यासारख्या रविवारी फिरणाऱ्या निवृत्त बाईसाठी म्हणत नाही. पाळी सुटल्यावर आजही हजारो माणसे याच कडेने बसथांब्याकडे चालतात. फिरण्याचा मार्ग म्हणून जे करायचे ते आधी त्यांच्या उपयोगाचे होईल. म्हणूनच ही मागणी चैनीची नाही.

कुणी म्हणेल, जुन्या कारखान्यांचे कसले स्मारक करता? पोरांना नोकऱ्या हव्यात, घरे हवीत. बंद पडलेल्या शेडवर इमारत उभी राहिली तर बिघडले कुठे? या प्रश्नात तथ्य आहे. बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला जमिनीची किंमत कळत नाही असे नाही. स्वेच्छानिवृत्तीचे धनादेश घेऊन आलेली चाळिशीतली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना स्मारक नको होते, काम हवे होते. कुठलीही जमीन अडवून ठेवा असे मी म्हणत नाही. इमारत जरूर बांधा. पण जुने प्रवेशद्वार ठेवा, एखादी चिमणी ठेवा, हजेरीचे घड्याळ ठेवा, आणि त्याखाली शुद्ध मराठीत चार ओळी लिहा: इथे काय बनत होते, कधीपासून, किती जण काम करत होते, कधी थांबले. नाहीतर पुणे स्टेशनजवळच्या राजाबहादूर मिलसारखे होते. तिच्या आवारात आता खाण्यापिण्याची आणि मौजेची ठिकाणे आहेत. जागा वापरात राहिली हे चांगलेच. पण तिथे जेवायला जाणाऱ्या किती मुलांना ‘मिल’ हा शब्द त्या पत्त्यात कुठून आला हे ठाऊक आहे?

जगात हे कुणी केले नाही असे नाही. अमेरिकेत लोवेल नावाच्या गावाच्या कापड गिरण्या बंद पडल्या, गाव ओस पडले. १९७८ साली तिथल्या गिरण्या आणि कालवे मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. आज शाळेच्या सहली तिथे मागाचा खडखडाट ऐकायला जातात. जर्मनीच्या रूर खोऱ्यात एसेन शहरातली कोळशाची खाण १९८६ साली बंद झाली आणि २००१ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्या खोऱ्यात कारखाने, खाणी, भट्ट्या आणि कामगारांच्या वसाहती जोडणारा चारशे किलोमीटरचा मार्ग आखलेला आहे. आपल्याला चारशे नकोत, बारा पुरेत. दहा-बारा फलक, सलग पदपथ, बसायला बाके, स्वच्छतागृहे. वर्षातून एखाद्या रविवारी जे कारखाने तयार असतील त्यांनी कामगारांच्या कुटुंबांना आणि शाळकरी मुलांना आत घ्यावे. आणि निवृत्त कामगारांच्या आठवणी आत्ताच ध्वनिमुद्रित कराव्यात. १९६५ साली विशीत कामाला लागलेला माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. मुंबईच्या गिरणगावाला नारायण सुर्वे मिळाले. इथल्या कामगारांनीही कविता लिहिल्या, कामगार साहित्य संमेलने भरवली. पण या रस्त्याची मोठी कादंबरी अजून लिहायची आहे, आणि ती लिहिणारा किंवा लिहिणारी आज कदाचित आकुर्डीच्या एखाद्या शाळेत असेल. तिला सामग्री कुठून मिळणार?

पालखीच्या दिवशी हाच रस्ता वाहनांना बंद होतो. लाखो माणसे पायी जातात, कारखान्यांच्या दारांत कामगार पाण्याचे पेले आणि केळी घेऊन उभे राहतात. म्हणजे हा रस्ता चालणाऱ्याला देता येतो. प्रश्न उरलेल्या दिवसांत त्याच्या कडेची दोन मीटर जागा देण्याचा आहे. ती दोन्ही महापालिकांनी द्यायची आहे, कारण दापोडीच्या पुलापाशी हद्द बदलते आणि फलक कुणी लावायचा यावर फाइल फिरू शकते. ती फिरू नये यासाठी आपण नागरिकांनी आधी चालायला सुरुवात केलेली बरी. चालणारे दिसले की पदपथाची मागणी आपोआप उभी राहते.

तेव्हा एखाद्या रविवारी सकाळी साडेसहाला लोकलने आकुर्डीला उतरावे, मुंबई रस्त्याला लागावे आणि पुण्याकडे तोंड करून चालू लागावे. पाण्याची बाटली, टोपी आणि मजबूत चपला बरोबर असू द्याव्यात. मुले असतील तर पिंपरीपर्यंतच जावे आणि उरलेला रस्ता मेट्रोतून बघावा. प्रत्येक घराच्या नात्यागोत्यात कुणी ना कुणी काका, मामा, आत्याचे यजमान टेल्कोत, बजाजमध्ये, एच. ए.मध्ये किंवा दारूगोळा कारखान्यात असतातच. त्यांना आग्रहाने बरोबर घ्यावे, आणि त्यांच्या चालीने चालावे. जिथे फलक नाही तिथे ते थांबतील आणि बोलू लागतील. त्यांना मधे तोडू नये.